सिंकखालचा पत्र्याचा मग

मी एक पत्र्याचा मग. पांढरं एनॅमल, निळी कड, आणि दोन ठिकाणी टवके उडालेले. दिसायला काही खास नाही, हे मीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला तसदी नको.

दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावरच्या आमच्या गावात हेस्टरबाईंनी मला विकत घेतलं, ते घरी नव्यानं कामाला लागलेल्या नोकुझोलासाठी. "हा तुझा हं," एवढंच बाई म्हणाल्या. घरच्यांचे चिनीमातीचे कप काचेच्या कपाटात, आणि मी सिंकखाली, साबणाचा डबा आणि कुत्र्याची ताटली यांच्या मधे. ताटली बाई स्वतः धुवायच्या. मला मात्र हात लावायच्या नाहीत. गावातल्या प्रत्येक गोऱ्या घरात माझा एकेक भाऊबंद असाच सिंकखाली होता, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटत नसे.

नोकुझोला मागच्या पायरीवर बसून माझ्यातून कॉफी प्यायची. पाठीशी चादरीनं बांधलेली बाईंची मुलगी अ‍ॅनेका. एकदा ती पोर माझ्यातला घोटभर प्यायली, तर बाईंनी तिला मिठाच्या पाण्यानं तीनदा चुळा भरायला लावल्या. दिवसभर नोकुझोलाच्या पाठीवर झोपलेली चालायची, पण माझी कड ओठांना लागलेली चालत नव्हती. आता काय बोलावं!

बावीस वर्षं गेली. अ‍ॅनेकाचं लग्न ठरलं. चर्च फक्त गोऱ्यांचं. बाई म्हणाल्या, "नोकुझोला बाहेर निलगिरीखाली उभी राहील. खिडकी उघडी ठेवू की."

"आई, मला वाढवलंय तिनं!" अ‍ॅनेका रडली. "ती आत नसेल तर मला लग्नच नको."

बाईंचे यजमान लॉरेन्स चर्चच्या पंचमंडळात होते. "नियम आहे, बाळा," म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

त्याच आठवड्यात आमचे नवे पाद्री रेनियर घरभेटीला आले. प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीआधी, घरोघर जायची इथल्या पाद्र्यांची पद्धतच आहे. त्यांना सगळे 'डॉमिनी' म्हणतात. बाईंनी सोनेरी काठाचा कप काढला. डॉमिनी सरळ स्वयंपाकघरात आले, वाकले आणि मला बाहेर काढलं.

"मला यात द्या."

"अहो डॉमिनी, तो कामवालीचा आहे!"

"धुतलेला नाही का?"

"धुतलाय हो, पण..."

"मग झालं तर!"

लॉरेन्स तडकले, "चेष्टा चालवलीय का आमची?"

"नाही लॉरेन्स. रविवारी एकाच प्याल्यातून तुम्हा सगळ्यांना द्राक्षरस देतो मी. आधी कोणाचे ओठ लागले, हे तुम्ही कधी विचारलंत?"

त्यांनी टोस्ट बुडवून सगळी कॉफी संपवली. नोकुझोला दारात उभी होती. हसली नाही.

डॉमिनींनी घरोघर हेच केलं. बायकांची नुसती धांदल! कोणी मग माळ्यावर लपवला, कोणी घाईनं कामवालीसाठी चिनीमातीचा कप आणला. तीन कुटुंबांनी चर्च सोडलं, डॉमिनींच्या गाडीचे टायर कोणीतरी कापले. पंचमंडळाची सभा रडतखडत झाली, आणि एका मतानं ठरलं की यापुढे कोणीही कुठेही बसावं. ते शेवटचं मत लॉरेन्सचं होतं.

बाई धावत आल्या. "तू पहिल्या रांगेत बसायचंस! आता तरी हस की गं."

"मी नाही येणार, मॅडम."

"अगं, डॉमिनींनी तुझ्यासाठी नोकरी पणाला लावली!"

"त्यांचे उपकार आहेत. पण तो मग त्यांनी वेगळा ठेवला नव्हता. तुम्ही ठेवला होता."

बाई डॉमिनींकडे गेल्या. "तुम्हीच समजवा तिला." परत आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं, आणि लॉरेन्सना म्हणाल्या, "डॉमिनी म्हणतात, 'दार उघडणं माझं काम होतं. तुमच्या वतीनं माफी मी मागू शकत नाही.'"

लग्नाच्या सकाळी बाई रेशमी झग्यात स्वयंपाकघरात आल्या आणि गुडघ्यांवर बसून सिंकखालून मला उचललं. पहिल्यांदाच. मी चक्रावलोच. कॉफी भरून त्या मागच्या पायरीवर नोकुझोलाशेजारी बसल्या आणि प्यायल्या. त्यांचे दात माझ्या कडेवर वाजत होते.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "रोज चुकलं."

नोकुझोलानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हा खरोखर भीती वाटली. शेवटी तिनं मला त्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेली कॉफी प्यायली.

"साखर विसरलात," ती म्हणाली. "थांबा, चर्चची टोपी घालून येते."

ती पहिल्या रांगेत बसली. मी अर्थातच घरी होतो, पण बाई आणि ती परत आल्यावर दोघींचे डोळे सुजलेले पाहिले.

आता मी त्याच घरात फळीवर असतो, जो येईल त्याच्या हाती लागतो. म्हातारा झालोय, गळतोही थोडा. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कामाला येणारी बाई चहा कशातून पिते, आणि तो कप कुठे ठेवलेला असतो, ते आज एकदा वाकून बघा.