पाण्याची समजूत

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी काचेच्या पिंपातलं लाल पाणी नितळ झालं. दोनेकशे माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि टाळ्या पिटल्या.

पाणी कापड रंगवणाऱ्या कारखान्यामागच्या वस्तीतलं, हातपंपाचं. कारखाना नगरसेवकांच्या मेहुण्याचा. स्वतःला जलसिद्ध म्हणवणाऱ्या इसमाने पिंपात ओंजळभर पांढरी पूड टाकली, वर अत्तर शिंपडलं आणि जाहीर केलं, "पाणी रागावलं होतं. मी समजूत काढली."

पाणी रागावतं हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. वस्ती रागावली आहे हे नगरसेवकांना ठाऊक होतं. म्हणून तर हा खटाटोप. पाणी शुद्ध झाल्याच्या कागदावर लोकांनी सह्या केल्या, की वस्तीला येणारा पालिकेचा टँकर बंद आणि कारखान्याविरुद्धची तक्रारही निकालात.

"पहिला पेला या छकुलीला!" नगरसेवकांनी पुढच्या रांगेतली सहा वर्षांची मुलगी उचलून मंचावर घेतली. समोरची सीलबंद बाटली मात्र स्वतःसाठी राखून ठेवली.

"थांबा. नात आहे माझी." रुग्णालयाच्या लाँड्रीत बावीस वर्षं काढलेली मावशी मंचावर चढली. पेला काढून घेतला, हुंगला. "अत्तराखाली काय दडवलंय?"

"मावशी, श्रद्धा ठेवा," जलसिद्ध म्हणाला.

"ठेवते की. आधी कापड बुडवते. लाँड्रीत नवी पावडर आली की असंच बघतो आम्ही."

तिने निळ्या एप्रनचं टोक पेल्यात बुडवलं. तीन मिनिटं तसंच धरून ठेवलं. टोक बाहेर आलं ते पांढरंफटक.

"ब्लीचिंग पावडर! रोज डाग काढते मी हिने. मग मीपण सिद्धच की!"

हशा पिकला. जलसिद्ध चपला शोधू लागला.

पालिकेचा रसायनतज्ज्ञही मंचावर होता, गळ्यात हार घालून. मावशी त्याच्याकडे वळली. "साहेब, तुम्ही शिकलेले. विष गेलं का?"

त्याने नगरसेवकांकडे पाहिलं. "रंग गेला."

"रंगाचं नाही विचारलं."

"पाण्यात शिसं आहे. ते पुडीने जात नाही. मी अहवाल दिलाय, दोन महिने झाले."

"कोणाला?"

त्याने पुन्हा नगरसेवकांकडेच पाहिलं.

चमत्काराला नमस्कार करण्याआधी त्यात कापडाचं टोक बुडवून पाहावं. आणि शिकलेला माणूस हार घालून गप्प बसला असेल, तर त्याला चारचौघांत विचारावं.

कागदावर एकही सही झाली नाही. शुक्रवार दुपारपर्यंतची स्थिती: अहवाल जाहीर झालेला नाही, रसायनतज्ज्ञाची बदली झाली आहे, आणि टँकर आलेला नाही.