इरल्याखालचा काजळ्या

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. बांबूच्या कामट्यांचं, वर पळसाची पानं. ठाकुरवाडीच्या जैतूने मला विणलं आणि कर्जतजवळच्या आबाजीच्या घरी दिलं. त्याची सून शकू मला डोक्यावर घेऊन भात लावायची. कितीही पाऊस कोसळो, तिची पाठ मी कोरडी ठेवली. पुढे प्लास्टिकचे कागद आले आणि मी पडवीत टांगलं गेलं. असो! माझं रडगाणं नको, काजळ्याचं सांगायचं आहे.

काजळ्या घरचा कुत्रा. रानडुकराच्या अंगावर जाणारा, पण ढग गडगडले की त्याची गाळण उडायची. शकू मग मला पडवीत पालथं घालायची, त्याला माझ्याखाली घ्यायची आणि शेजारी जात्यावर बसायची. जात्याच्या घरघरीत गडगडाट बुडायचा. एक हात खुंट्यावर, एक हात त्याच्या मानेवर. हळूहळू त्याचं कापणं थांबायचं. सासू सोनुबाई शेजारणीला सांगायची, "आमची सून लय कामसू. ढग आला की दळायला बसते!"

हस्ताच्या पावसात एका दुपारी कडकडाट झाला आणि सोनुबाईने मला उचललं.

"अगं बया, ह्यो हितं लपवलाय व्हय! अवो, ह्यो पायाळू हाय. जलमताना पाय आधी आलेले, मी डोळ्यानं बघितलंय. ईज याच्याच मागावर येते. म्हणून तर कापतो मेला!"

पायाळूवर वीज पडते, असं आमच्याकडे मानतात. आबाजीने साखळी काढली.

"मामंजी, भेदरलंय मुकं जनावर. राहू द्या." शकूने आबाजीचे पाय धरले. तिला पाचवा महिना होता.

"कुत्र्यापायी घराची राख करू काय?"

त्याने शकूला आत कोंडलं, मला अंगणात भिरकावलं आणि काजळ्याला फरफटत नेऊन बांधावरच्या ऐनाला बांधलं. प्रत्येक गडगडाटाला काजळ्या झाडाभोवती पळायचा आणि साखळी आखूड व्हायची. माझ्याकडे बघून तो केकाटत होता. मी समोरच पालथं पडलेलं, पण मला पाय कुठले?

वीज कुठेच पडली नाही. पाऊस ओसरला तेव्हा साखळीचा फास बसून काजळ्या मेलेला होता.

"बघा, घर वाचलं," आबाजी म्हणाला आणि जेवायला बसला.

माघात शकूला मुलगी झाली. पाय आधी आले. सोनुबाईने सुईण गौराबाईच्या हातावर लुगडं ठेवलं. "बाय गं, कुठं बोलू नको."

पुढे वळीव गडगडला तेव्हा पोरीने टाहो फोडला. आबाजीने मला खुंटीवरून काढलं आणि नातीला छातीशी धरून स्वतः माझ्याखाली बसला.

"सूनबाई, जरा दळायला बस गं. पोर भ्यालीय."

शकू जात्यापाशी बसली. "हिला ऐनाला नाय बांधायची, मामंजी?"

शकूने जातं फिरवायला घेतलं.

मित्रांनो, माझ्या कामट्यांना आता वाळवी लागली आहे. जाता जाता एकच मागणं. भेदरलेल्या जिवाला जवळ घ्या. तो तुमच्याच रक्ताचा निघेपर्यंत थांबू नका.