शिवपूर सोडल्याशिवाय

“दीदी, शिवपूर सोडलं?”

मिसिराइननं डोळे न उघडताच विचारलं. सकाळपासून तिचा हा एकच प्रश्न चालला होता.

“नाही गं. गाडीनं अजून लखनऊच सोडलं नाही,” शरदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोरसी तिच्या पायांकडे सरकवली. मातीच्या त्या पसरट भांड्यात राखेखाली गोवऱ्यांचे निखारे होते. धूर कोंडू नये म्हणून दार थोडं किलकिलं ठेवलं होतं, आणि त्या फटीतून कोहरा, पौषातलं दाट धुकं, आत येत होता. गंगेकाठच्या ब्रह्माघाटाच्या त्या गल्लीत आज समोरच्या घराची भिंतसुद्धा दिसत नव्हती.

“खोटं नाही ना बोलत?”

“मी बोलेन?”

“नाही बोलणार. म्हणून तर तुला विचारते. ही नीलम सारखी म्हणते, बस अम्मा, आने ही वाले हैं. काल पण आने ही वाले होते.”

स्वयंपाकघरात सून नीलम भांडी घासत होती. ती हात थांबवून म्हणाली, “अम्मा, मैं तो आपका मन रखने के लिए…”

“गप बस,” मिसिराइन म्हणाली.

हे तिचं आवडतं मराठी. मिश्रांच्या घरी सून म्हणून आली, आणि मुलगा तान्हा होता तेव्हापासून शेजारी शरदिनीबाईंच्या मराठी घरात तिची ऊठबस. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची. तिनं मराठी उचललं ते भांडणासकट उचललं. नवऱ्याला, दूधवाल्याला, गल्लीत अडून बसलेल्या सांडाला, सगळ्यांना तिचं एकच, गप बस. आता आवाज उरला नव्हता, नुसता श्वास होता. पण त्या श्वासातही दटावणी तीच.

डॉक्टर काल संध्याकाळी येऊन गेले होते. नीलमला बाजूला घेऊन म्हणाले, आता इकडेतिकडे हलवू नका. ज्याला बोलवायचंय त्याला बोलवून घ्या. बोलवायचा होता एकुलता एक मुलगा, ऋतुराज. तो हिमाचलात पार वर, रस्त्यांच्या कामावर सुपरवायझर. निरोप मिळाला तेव्हा त्याच्याकडे बर्फ पडत होतं. निघाला तसा घाटात अडकला. एका गावात कुणा म्हातारीनं त्याला घरात घेतलं, चुलीपाशी निजवलं, आणि सकाळी सगळं गाव फावडी घेऊन बाहेर पडलं. त्याची आई वाट बघते आहे एवढं ऐकून त्या लोकांनी बससाठी रस्ता मोकळा करून दिला. पठाणकोटला तो गाडीत बसला. बर्फातून सुटला आणि कोहऱ्यात सापडला.

शरदिनीबाईंनी मिसिराइनचे पाय हातात घेतले. लसूण घालून कढवलेलं सरसोचं तेल तळव्यांना चोळू लागल्या. पाय दगडासारखे गार.

“पाय माझे आहेत ना अजून?” मिसिराइननं विचारलं.

“आहेत. दोन्ही.”

“कळत नाही म्हणून विचारलं.”

शरदिनीबाईंचे स्वतःचे गुडघे वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून बसून आखडले होते. अंगात दोन स्वेटर, वरून शाल, डोक्याला मफलर, तरी पाठीतून शिरशिरी जात होती. दमणूक आजची नव्हती. पौष लागला की त्यांना वाटायचं, आपण अजून ड्यूटीवरच आहोत.

शरदिनीबाई रेल्वे स्टेशनवर उद्घोषक होत्या. वडील अचानक गेले तेव्हा त्या गाणं शिकत होत्या; परीक्षा तोंडावर आली होती आणि धाकटा भाऊ श्रीनिवास शाळेत होता. गाण्यासाठी जपलेला गळा मग गाड्यांच्या कामी आला. भावाचं शिक्षण झालं, आईचं आजारपण निघालं, लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कळलंसुद्धा नाही. उन्हाळा, पावसाळा कसाही जायचा. हिवाळा मात्र अंगावर यायचा. कोहरा उतरला की एक गाडी वेळेवर नाही. फलाटावर घोंगड्या पांघरून माणसं पोत्यांसारखी पडलेली, आणि त्यांच्या डोक्यावर शरदिनीबाईंचा आवाज: अमुक गाडी अनिश्चित काल के लिए विलंब से चल रही है, आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है. लोक भोंग्याकडे तोंड वर करून शिव्या द्यायचे. श्रीनिवास म्हणायचा, “ताई, तू जेवढा खेद व्यक्त केलास तेवढा इंग्रजांनीसुद्धा जाताना केला नाही.”

एक गोष्ट मात्र त्यांनी पाळली. लखनऊकडून येणाऱ्या गाडीचं इथं पोचण्याआधीचं शेवटचं स्टेशन शिवपूर. गाडी शिवपूर सोडेपर्यंत त्या म्हणायच्या, ‘आने की संभावना है.’ शिवपूरहून फोन आला की मगच, ‘आ रही है.’ त्या दोन शब्दांवर म्हातारी माणसं उठतात, झोपलेली पोरं खांद्यावर घेतात, ट्रंका डोक्यावर चढवतात. एकदा उठलेल्यांना परत थंड फरशीवर बसवायचं, हे त्यांच्या जिवावर यायचं. वरचे साहेब कधीमधी म्हणत, बोल दीजिए, पब्लिक शांत रहेगी. त्या पाणी प्यायला उठून जात.

पुढे यंत्र आलं. यंत्राला खोकला होत नाही, असं नवे साहेब म्हणाले. शरदिनीबाई चौकशीच्या खिडकीत बसल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या.

दारातून श्रीनिवास आत आला. कानटोपीवर कानटोपी, नाकाचा शेंडा लाल. हातात फोन.

“ताई, सुलतानपूरपर्यंत आली बघ. पण तिथे उभी आहे. हलतच नाही.”

“हळू बोल.”

“मी हळूच बोलतोय. कोहऱ्यात आवाज मोठा वाटतो.” तो पलंगाजवळ वाकला. “क्या भाभी, उठना नहीं है? खिचडी कोण करणार संक्रांतीला? आमच्या ताईची खिचडी म्हणजे लेई. पतंग चिकटवायची.”

मिसिराइनच्या ओठांचा एक कोपरा हलला. “गप बस,” ती म्हणाली. श्रीनिवासनं समाधानानं मान डोलावली आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुपार झाली, पण ऊन पडलं नाही. नीलमनं अद्रक घातलेला चहा आणून दिला. मिसिराइनला चमच्यानं पाजला, तो गालावरून ओघळला. नीलम पदर तोंडात धरून आत पळाली. शरदिनीबाईंनी गाल पुसला.

“दीदी.”

“हूं.”

“ते गाणं म्हण ना. स्टेशनवालं.”

“आता माझा गळा कुठे राहिलाय? घरघर येते नुसती.”

“माझी पण येते. दोघींची मिळून येऊ दे.”

ते गाणं शरदिनीबाईंच्या आईनं जुळवलेलं होतं, पाळण्यापाशी म्हणायला. कुठे लिहिलेलं नव्हतं. असाच एक कोहरा होता. मिसिराइन तेव्हा माहेरून तान्ह्या ऋतुराजला घेऊन परत येत होती. सोबत सासरे. गाडीतून उतरली तर बाहेर रिक्षा नाही, कोहऱ्यात निघायची कुणाची हिंमत नाही. फलाटावरच थांबली. पोर रडून रडून काळंनिळं झालेलं. वर आपल्या खोलीत शरदिनीबाई एकट्या होत्या. घोषणा संपली आणि बटण बंद करायचं राहून गेलं. जागं राहण्यासाठी त्या नेहमीसारख्या गुणगुणू लागल्या. सगळ्या फलाटांवर ते गाणं गेलं. हमाल हातगाडीवर उठून बसले. चहावाल्यानं स्टोव्हची हवा काढली. आणि मिसिराइनच्या मांडीवरचं पोर रडायचं थांबलं. फोन खणखणला, साहेब ओरडले, तेव्हा शरदिनीबाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी दारावर थाप. शेजारची सून, जिच्याशी तोवर धड बोलणंही नव्हतं, पोराला कडेवर घेऊन उभी. “कल स्टेशन पर आप ही थीं ना? ये सो नहीं रहा. वही वाला गाइए.”

तेव्हापासून ते गाणं दोन्ही घरांचं झालं.

शरदिनीबाईंनी दाराबाहेर पाहिलं, श्रीनिवासची पाठ दिसत होती. त्यांनी हळू सुरुवात केली.

नाव आली, नाव आली, पैलतीरच्या गावची,
तीत बसून नीज आली माझ्या तान्ह्या रावाची…

दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. त्या खोकल्या, परत धरला. मिसिराइनची बोटं रजईवर ताल धरायला गेली आणि अर्ध्यात थांबली.

“शिवपूर?”

“सुलतानपूरला आहे गं.”

“लांब आहे.”

“हो. लांब आहे.”

“किती लांब? मी थांबू तेवढं?”

शरदिनीबाईंनी रजई तिच्या गळ्यापर्यंत ओढली. आयुष्यभर त्यांना लोकांनी विचारलं होतं, गाडी कधी येईल. वाट बघणाऱ्याला थांबता येईल का, असं कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळचे दिवे लागले. घाटावर आरतीची घंटा वाजू लागली, कापसात गुंडाळल्यासारखी. मिसिराइनचा श्वास आता मोठ्या पायऱ्या चढल्यासारखा येत होता. नीलमनं तिच्या तोंडात गंगाजल घातलं, तुळशीचं पान ठेवलं. श्रीनिवासनं फोन बघितला, बहिणीकडे बघून मान हलवली. गाडी तिथेच होती.

मिसिराइननं डोळे उघडले. बऱ्याच वेळानं उघडले होते, पण नजर स्वच्छ होती. तिनं शरदिनीबाईंचं मनगट धरलं.

“दीदी, बोल दे.”

“काय?”

“आ रही है. बोल दे. भोंग्यावर बोलायची ना, तसं.”

“अगं, पण अजून…”

“मला माहीत आहे.” ती थांबली, श्वास गोळा केला. “सुलतानपूर. मला माहीत आहे सगळं. बोल तू.” आणि मग, “खेद है नको बोलू. त्याच्यानं रडू येतं.”

शरदिनीबाई मोढ्यावरून उठल्या. गुडघ्यांनी तक्रार केली. घोषणा त्यांनी कधी पाठीत वाकून केली नव्हती, आवाज दबतो. त्यांनी मफलर सोडला, शाल सारखी केली. नीलम त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी घसा साफ केला आणि त्या बोलल्या. गाण्याच्या वेळी फाटलेला आवाज कुठेतरी खाली शाबूत होता.

“यात्रीगण कृपया ध्यान दें. जम्मू की ओर से, लखनऊ, सुलतानपुर होकर आने वाली गाड़ी…”

इथे त्या थांबल्या. श्रीनिवास दारात येऊन उभा राहिला होता. त्याला ठाऊक होतं, ताई कुठे थांबली ते.

“…थोड़ी ही देर में, प्लेटफार्म क्रमांक पाँच पर आ रही है.”

 मिसिराइनच्या चेहऱ्यावर लगबग दिसली, पिशव्या उचलताना दिसते तशी.

“पाच?” ती म्हणाली. “मग पूल चढावा लागेल.”

“चढू. सावकाश चढू. मी हात धरते.”

“पाय गार आहेत गं.”

शरदिनीबाई पुन्हा खाली बसल्या, दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि चोळत राहिल्या. आरती संपली. त्या चोळतच राहिल्या. नीलमनं खांद्याला हात लावला तेव्हाच थांबल्या.

ऋतुराज दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कोहऱ्यातून आधी त्याच्या बुटांचा आवाज आला, मग तो. गल्लीतली माणसं बाजूला झाली. तिरडी बांधून तयार होती, त्याच्यासाठीच थांबले होते सगळे. तो आईपाशी बसला. रडला नाही, दोन रात्री बसून काढलेल्या माणसासारखा नुसता बसला. शरदिनीबाईंनी बोरसी त्याच्यापुढे सरकवली. त्यानं हात निखाऱ्यांवर धरले.

मग तो म्हणाला, “चाची, अम्मा बहुत राह देखी?”

“देखी. पण तुझी गाडी आली ते तिला कळलं होतं.”

“शाम को तो मैं सुलतानपुर में खड़ा था.”

“हो.” शरदिनीबाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. “मी अनाउन्स केलं होतं.”

त्यानं मान वर केली. लहानपणापासून तो ऐकत आला होता, चाची शिवपूरशिवाय बोलत नाही.

“कौन से प्लेटफार्म पर?” त्यानं विचारलं.

“पाच.”

“नौ पर आई, चाची.”

“मग चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

पुढचं वाक्य, ते ‘हमें खेद है’, आपोआप ओठांवर आलं. इतक्या वर्षांत ते हजारो माणसांना, एकाचंही तोंड न बघता, त्यांनी ऐकवलं होतं. आता समोर एक तोंड होतं, आणि मिसिराइननं बजावलं होतं. त्या गप्प बसल्या.

ऋतुराजनं खांद्यावरची पिशवी उघडली. त्यातून लोकरीचे मोजे निघाले, जाड, लाल-काळ्या नक्षीचे. “उस गाँव वाली बूढ़ी अम्मा ने दिए. बोलीं, तेरी माँ के पैर ठंडे रहते होंगे.” मोजे हातात घेऊन तो तसाच बसून राहिला, आता यांचं काय करायचं ते त्याला कळेना.

दारातून गुरुजी म्हणाले, “अब ये सब नहीं, बेटा. देर हो रही है.”

“असू द्या,” शरदिनीबाई म्हणाल्या. “थोडा उशीर होऊ द्या.”

ऋतुराजनं एक मोजा चढवायला घेतला. बोटं बधिर झालेली, लोकर अंगठ्यापाशीच अडकली. शरदिनीबाईंनी दुसरा घेतला. आधी तो बोरसीवर धरून गरम केला, मग मिसिराइनच्या पायात घातला, ओढून वर घेतला आणि मोज्याची टाच तिच्या टाचेवर नीट बसवली.