तळाच्या दोन ओळी

"कपलिंग नाही. समोर मिळेल," दादानं मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला.

दादाचा धाकटा भाऊ त्यांच्या नळ-पाइपांच्या दुकानात मागच्या टेबलावर पाण्याचा पंप उघडून बसला होता. पाइप जोडायची बारा नवी कपलिंगं त्यानं स्वतः आठवड्यापूर्वी खणात टाकली होती. समोरचा दुकानदार आणि दादा रोज एकत्र चहा घेत. पाणी कुठं मुरतंय ते कळलं, असं धाकट्याला वाटलं.

तरी तो लगेच बोलला नाही. दुकानाच्या एका भिंतीवर पत्र्याच्या खणांच्या आठ ओळी होत्या. पंधरा दिवस त्यानं दादाचा प्रत्येक नकार कागदावर टिपला. एकवीस झाले. त्यांतले दोन खरे होते, माल संपलाच होता. उरलेले एकोणीस तळाच्या दोन ओळींतले.

मग त्यानं दादाचे पाय पाहिले. उठताना दादा काउंटरवर दोन्ही हात रोवायचा. पहिली पाच-सहा पावलं लाकडी पडायची, नंतर जरा सैल. जिना चढताना तो बरा असायचा, उतरताना खेकड्यासारखा आडवा व्हायचा.

त्यानं विचारल्यावर वहिनीनं आधी काही नाही म्हटलं, मग सगळं सांगितलं. दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. एक्स-रेचा फोटो वर्षभर गादीखाली आहे. संध्याकाळचं फिरणं बंद, नातवाला मांडीवर घेणं बंद, कुणाकडे जायचं तर आधी तिथल्या पायऱ्यांची चौकशी. झोपेत कूस बदलली की जाग येते. आणि भावाला सांगायचं नाही, तो घरी बसवेल, अशी तंबी.

संशय फिटला, राग मात्र वाढला. स्वतःच्या गुडघ्यांसाठी यानं वर्षभर दुकान लंगडं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा कपलिंग मागायला आला. दादानं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"आहे. दादा, सगळ्यात खाली, डावीकडून तिसरा खण."

"तू काढ."

"माझे हात ग्रीसचे आहेत. आणि तुला काय धाड भरलीय? धडधाकट तर आहेस."

मिस्त्री स्वतःच आत येऊन घेतो म्हणाला. धाकट्यानं त्याला थांबवलं.

दादा एकेका खणाची मूठ धरत खाली गेला. अर्ध्यावर गुडघ्यात खडी तुडवल्यासारखा आवाज झाला. तो मिस्त्रीलाही ऐकू गेला. दादा फरशीवर आदळलाच. त्यानं कपलिंग काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि हात वर केला. मिस्त्री कुणाकडेही न बघता निघून गेला.

धाकटा दादाच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. "जमत नाही तर घरी बस. लोकांना समोर कशाला धाडतोस?"

"बस म्हणतोस ना? हा बसलो. आता उठव."

"हात दे."

"तुझे हात ग्रीसचे आहेत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दादा काउंटर आणि खणांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत पाय पसरून बसून राहिला. खालचं मी देतो, वरचं तू बघ, असं त्यानं जाहीर केलं. गिऱ्हाइकं आली की धाकट्याला त्याचे पाय ओलांडून वरचा माल काढावा लागे. शेवटी त्यानं दादाच्या काखेत हात घालून त्याला वर ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. दादानं दात आवळले.

दुसऱ्या दिवशी धाकटा तासभर आधी आला. तळाच्या दोन ओळींतला माल त्यानं छातीच्या उंचीवर आणला, कुणी सहसा मागत नाही ते खाली टाकलं, नावांच्या चिठ्ठ्या बदलल्या. दादानं आल्यावर एकेक चिठ्ठी वाचली.

"कुणाला विचारून?"

"तुझ्या गुडघ्यांना."

दादा उंच स्टुलावर बसला. तासाभरानं मिस्त्री आला, कालच्यासारखंच आणखी एक हवं होतं. कपलिंगचा खण आता दादाच्या कोपरापाशी होता, नुसता ओढायचा. दादानं खणाच्या मुठीवर हात ठेवला आणि मान वळवून भावाकडे पाहिलं.

"नाही," तो मिस्त्रीला म्हणाला. "समोर मिळेल."