सॉरीतला स

सगळी प्रयोगशाळा तिला उंदीरमामी म्हणे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. तीन वर्षं उंदरांच्या मागे घालवल्यावर माणूस आणखी काय म्हणवून घेणार! त्या तीन वर्षांचं सार एका पेपरात उतरलं होतं आणि आज पाचच्या ठोक्याला सर तो जर्नलकडे पाठवणार होते. पेपर स्वीकारला गेला तर पीएचडी, नाहीतर पुन्हा श्रीगणेशा.

पेपरातला दावा सरळ होता. उंदराच्या मेंदूत ओढीची एक वाट असते आणि भीतीची एक. गोड पाण्याकडे धावणाऱ्या उंदराच्या ठरावीक पेशींवर बारीक तारेतून निळा उजेड सोडला, की समोर काहीही धोका नसताना तो जागीच थिजतो. भीती ओढीला गप्प करते ती इथूनच, असं तिने शोधून काढलं होतं.

चार वाजून दहा मिनिटांनी ती सरांना हवी असलेली शेवटची चित्रफीत काढायला बसली. पेटीत सात नंबर होता, टोपणनाव हावरट. नळीला गोड पाणी आलं की स्वारी मागचापुढचा विचार न करता सुटायची. तार जोडण्याआधी तिने त्याला एक मोकळी फेरी मारू दिली. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, नाटकाला येतेयस ना? मी दुसऱ्याच प्रवेशात आहे."

"सॉरी हं बाळा," ती हळूच म्हणाली.

पलीकडे एकदम शांतता. आणि पेटीत हावरट नळीपासून दोन बोटांवर थिजला होता. अंग आक्रसलेलं, मिशासुद्धा हलत नव्हत्या. तार टेबलावर पडलेली, दिवा बंद.

"म्हणजे नाहीच ना?" लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

उंदीरमामीला आता स्वतःचेच शब्द नव्याने ऐकू आले. उंदरांना भीती शिकवताना ती पेटीवर काळी पाटी घारीच्या सावलीसारखी धपकन आणत असे. जीव कळवळायचा, म्हणून आधी पुटपुटायची, "सॉरी हं बाळा." पुढे उजेड सोडतानाही जिभेला तेच वळण. तुलनेसाठी उजेडाविना घेतलेल्या फेऱ्यांत कसली माफी मागायची? तिथे ती गप्प. माणसाचा जाड आवाज उंदरांना फारसा ऐकू येत नाही, पण सॉरीतला तो धारदार स नेमका कानात घुसतो. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं!

तिने पुन्हा पाणी सोडलं. हावरट निघाला. "सॉरी हं बाळा." थिजला. नऊ नंबर आणला, तोही थिजला. मग तिने हावरटला तार जोडली, ओठ घट्ट मिटले आणि उजेड सोडला. पठ्ठ्या निळ्या उजेडात आरामात पाणी पीत राहिला.

पाचला अकरा मिनिटं होती. हे तिच्याशिवाय कोणीही पाहिलं नव्हतं, आणि चित्रफीत पुसायला एक बटण पुरे होतं. तिचं बोट त्या बटणापर्यंत गेलंही. संताप झाला तिचा, हावरटवर, सरांवर, सगळ्यात जास्त स्वतःच्या कनवाळू जिभेवर. तोंड मिटून दुष्टपणा केला असता तर हे तीन वर्षांपूर्वीच कळलं असतं. पण आता कळलं होतं, आणि कळलेलं काही पुसता येत नव्हतं. ती उठली.

सर खुशीत होते. "या उंदीरमामी! शेवटचं बटण तुम्हीच दाबायचं हं."

"सर, सॉरी," ती म्हणाली.

सरांचं हसू तिथेच राहिलं. माउसवरचा हात हलेना, पापणीही लवेना. पुढचं तिने अजून सांगितलंच नव्हतं.