टाकीवरचा हात

कुरुळीच्या आमच्या वखारीत ओंडके उचलायचं एक जुनं यंत्र होतं. पुढं लोखंडी पंजा, म्हणून सगळे त्याला खेकडा म्हणायचे. कंपन्यांना माल पाठवायला लाकडी खोकी लागतात, ती आम्ही करतो; त्यासाठी आलेले पाइनचे ओंडके ट्रकवरून उतरवायचे ते खेकड्यानंच. वडिलांनी तो जुनाच घेतलेला, आणि कोंडाजीनाना त्यावर एकोणीस वर्षं बसलेले.

खेकड्याचे तापमानाचे काटे कधीच बंद पडले होते. नानांचं त्यावाचून काही अडत नसे. ज्या तेलाच्या दाबावर पंजा चालतो त्या तेलाच्या टाकीवर ते तासा-दोन तासांनी उजवा तळवा टेकवायचे. दहा मोजेपर्यंत हात टिकला तर तेल बरं. पाचालाच उचलावा लागला तर खेकडा सावलीत आणि नाना भाकरीला. शिवाय रोज दुपारी रेडिएटरमध्ये अडकलेला भुसा ते हवेच्या नळीनं उडवायचे, कुणी न सांगता.

वडील गेले, वखार माझ्याकडे आली आणि मला शिंगं फुटली. मी डिप्लोमावाला. हातानं ताप बघायचे दिवस गेले म्हणत मी दोन डिजिटल मीटर मागवले, एक इंजिनच्या पाण्याला आणि एक टाकीतल्या तेलाला. एका रविवारी मोबाइलवर व्हिडिओ बघत मीच ते बसवले. मेकॅनिक कशाला हवा, असा माझा तोरा.

सोमवारी खेकडा तासभर चालला आणि तेलाच्या मीटरवर अठ्ठ्याऐंशी आलं. तेल पन्नास-साठच्या घरात असावं, ऐंशीच्या पुढं गेलं की पंपाची वाट लागते, एवढं मी वाचलेलं होतं. मी काम थांबवलं. नाना उतरले, टाकीला हात लावला आणि तेल बरं आहे म्हणाले. मी मीटर दाखवला. त्यांनी शेजारचा, इंजिनचा मीटर बघितला. त्यावर बावन्न होतं.

"दादा, तासभर चाललेलं इंजिन बावन्नवर ऱ्हात न्हाई. ते ऐंशी-नव्वदलाच चालतंय. तुमचं मीटरच बघा एकदा."

चार माणसं ऐकत होती. मला झोंबलं. इंजिन थंड आहे हे चांगलंच की, असं काहीतरी मी बोललो. त्यावर नानांनी टाकीवर तळवा ठेवला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. वीस झाले तरी हात तिथंच.

मी फक्त माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवायचा होता. एवढंच. पण आकडा अठ्ठ्याऐंशी होता आणि भाजून घ्यायची हौस कुणाला असते?

"नाना, तुमचा हात मेलाय," मी म्हणालो. "अठ्ठ्याऐंशीवर जिवंत हात टिकत नाही."

नानांनी हात उचलला. तळव्याकडे बघितलं, तो विजारीला पुसला आणि खेकड्याची किल्ली माझ्यापुढं धरली. उद्यापासून गेटवर बसा, गाड्या बघा, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत.

त्यांच्या जागी ऋतिक आला. पोरगा कामाला चांगला होता, पण भुसा उडवायचं त्याला कुणी सांगितलंच नाही, कारण ते काम आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. महिन्याभरात तेलाचा मीटर शंभराला टेकला. आम्ही तेल बदललं, पुन्हा बदललं, पंप उघडून बघितला. इंजिनचा मीटर मात्र छप्पन-सत्तावन्न दाखवत होता, त्यामुळं तिकडं कुणी फिरकलं नाही. एका दुपारी ओंडका हवेत असतानाच इंजिन जाम झालं.

बन्सी मेकॅनिक चाकणहून आला. त्यानं रेडिएटर बघितला. भुशानं गच्च भरलेला. मग एक वायर बोटानं धरून मीटरपर्यंत नेली, दुसरी नेली आणि हे कुणी बसवलं म्हणून विचारलं. तेलाच्या मीटरला इंजिनची वायर होती, इंजिनच्या मीटरला तेलाची. मी बसवलं, असं मी सांगितलं.

त्याच रविवारी मी चऱ्होलीला नानांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. वायरी माझ्याकडून उलट्या लागल्या, तुमचा हात खरा होता, मी चुकलो, माफ करा आणि परत या. नानांनी ऐकून घेतलं. इंजिन गेलं म्हणल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात त्यांची सून पूनम पाण्याची बादली घेऊन अंगणात आली. काखेत सहा महिन्यांची नात. नाना तिला म्हणाले, "पाणी नीट बघ गं."

मग पूनमनंच मला सांगितलं. थोरल्या दोघांच्या अंघोळीचं पाणी नानांच्या हातानंच बघितलं जायचं, दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. हिचंही तेच बघायचे, पण वखार सोडून आले त्या दिवसापासून ते पाण्याला हात लावत नाहीत. माझा हात मेलाय, लेकराला भाजंल, असं म्हणतात.

मी म्हणालो, "नाना, तुम्ही बघा. तुमचा हात चांगला आहे, मी सांगतो ना."

नाना उठले. बादलीपाशी बसले, उजवा हात पाण्यात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. कोमट वाटतंय, म्हणाले. मीही हात घातला. पाणी कोमटच होतं, अगदी बरोबर होतं, आणि मी तसं दोनदा सांगितलं.

नानांनी मान डोलावली. ओला हात धोतराला पुसला आणि पूनमकडे बघितलं.

"तरी तू एकदा बघून घे," ते म्हणाले.