पंचक सरेपर्यंत

घर भाड्याने देण्यासारखा बसल्याजागचा धंदा नाही, असं जमुनाबाईंना दहा जणांनी सांगितलं होतं. भाडेकरूबरोबर त्याची आईही राहायला येते आणि आई म्हटली की ती कधीतरी मरते, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

चांदूर बाजारात वांगी-मेथी विकून जमुनाबाई आणि देवमन यांनी अमरावतीच्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. मुलगा नव्हता, मुलगी सासरी नांदत होती. हातपाय थकले की या खोल्यांच्या भाड्यावर जगायचं, दुसरा आधार नव्हता. तीन घरं भाड्याने देऊन मुरलेला चुलतदीर ओमप्रकाश त्यांचा गुरू. त्याने कानमंत्र दिला होता, "अकरा महिन्याच्या वर करार करू नका वहिनी. अन् भाडेकरूले 'घर तुमचंच समजा' असं तं चुकूनही म्हनू नका. म्हटलं की तो समजते."

पहिलाच भाडेकरू सहदेव. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला, बायको सीमा, आणि आई लीलाबाई. आली तेव्हा म्हातारी चांगली चालती-बोलती होती. उन्हाळा तापला आणि एका सकाळी सीमाचा फोन आला.

"मावशी, सासूबाईनं अन्न सोडलं. डॉक्टर म्हन्ते, आता घरीच ठेवा."

जमुनाबाईंनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. पंचक लागलेलं होतं. माहेरी शेजारच्या घरात एक म्हातारा पंचकात गेला, तर ते घर कुलूप लावून सोडलं होतं. पुढे तिथे कुणी बकरीही बांधली नाही. पंचकात माणूस गेलं की मागोमाग पाच नेतं, हे त्यांनी आईच्या दुधाबरोबरच ऐकलेलं.

"पाच कोनाचे जातीन? भाडेकरूचे का मालकाचे?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"यमापाशी कराराची नक्कल असते काय वं?" देवमन हसले. पण मेथीची जुडी बांधता बांधता त्यांचाही हात थांबला.

ओमप्रकाश तर हसलाही नाही. "तिथं गेली तं घर बसलं म्हना वहिनी. कुत्रं इचारनार नाही."

जमुनाबाईंनी सीमाला फोन लावला. "दवाखान्यात ठेवा बाई, नाहीतर गावाले न्या. कुठंबी न्या, पन माह्या घरात नको."

"बरं मावशी," सीमा म्हणाली.

बाई भांडली असती तर बरं झालं असतं. त्या 'बरं'ने जमुनाबाईंची भीती दुप्पट झाली; तोंडदेखलं बरं म्हणून ही म्हातारीला घरातच ठेवील. दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीने अमरावतीला निघाल्या.

फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बाज टाकलेली होती. वर जुन्या लुगड्याची सावली बांधलेली, आणि बाजेवर लीलाबाई. सीमा चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी सोडत होती. येणारे-जाणारे नजर चुकवून जात होते.

"हे काय करून राहिली वं?"

"दवाखान्यानं घेतलं नाही, अन् गावात आमचं कोनी राहिलं नाही." सीमाच्या आवाजात राग नव्हता. "अकोल्याले जठारपेठेत होतो, तेव्हा ह्या अशाच आजारी पडल्या. मालकानं सामान रस्त्यावर ठेवलं. म्हून या खेपेले आमीच अगोदर बाहेर आनलं. हे दुसरी खोली पाहाले गेले."

लीलाबाईंनी डोळे उघडले. समोरची बाई कोण, हे त्यांना उमगलं नाही.

"बाई, मालकीनबाईले सांगजा," त्या म्हणाल्या, "मी फाटकाच्या बाहेरच हाओ. तिच्या घराले काही लागनार नाही."

आणि फाटकाला टेकलेला आपला पाय त्यांनी हळूच आखडून घेतला.

जमुनाबाईंना त्या पायाकडे पाहवेना. टाचांना त्यांच्या स्वतःच्या टाचांसारख्याच भेगा होत्या. आपलीही बाज उद्या कोणाच्या तरी फाटकाबाहेर पडेल, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या मुळापासून हादरल्या. अशी भीती त्यांना पंचकाचीही वाटली नव्हती.

"सीमा, पायाकडून धर."

"मावशी, पंचक हाये."

"मले माईत हाये. धर."

दोघींनी बाज उचलली. उंबरा ओलांडताना बाज चौकटीवर आपटली. मुलगी, जावई, नातू, नवरा, आपण स्वतः. पाचही जण डोळ्यांसमोर ओळीने उभे राहिले. त्यांनी बाज खिडकीशी ठेवली आणि पंखा लावला.

लीलाबाई छताकडे पाहत होत्या. "हे घर कोनाचं हो?"

ओमप्रकाशचा कानमंत्र जमुनाबाईंना शब्दन्‌शब्द आठवत होता.

"तुमचंच समजा," त्या म्हणाल्या.

म्हातारीने आखडलेले पाय लांब केले.